‘इंटरस्टेलर’चं घड्याळ जुळतं का, आणि डॉ. मान खोटं का बोलतो?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे तुझ्या ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही नीट वाचता येईल. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘इंटरस्टेलर’ हा माणसांसाठी नवं जग शोधायला निघालेल्या अंतराळवीरांचा चित्रपट पुन्हा थिएटरात लागला. तुम्ही माटुंग्याची सगळी कॉलेजची मंडळी तो पाहून आलात आणि परत येताना लोकलमध्येच जुंपली. एक म्हणाला, अंतराळवीर कूपर ब्लॅक होलमध्ये पडतो तोवर पृथ्वीवर आणखी ५१ वर्षं उलटलेली असतात, मग त्याच वेळी त्याची मुलगी मर्फ तरुण कशी? दुसरी म्हणाली, शेवटी कूपरचं वय १२४ सांगतात, ते कुठल्याच बेरजेत बसत नाही. तिसऱ्याचं म्हणणं, ग्रह शोधायला जाऊन खोटी माहिती पाठवणारा डॉ. मान हा गोष्टीला खलनायक हवा म्हणून घुसवलेला माणूस आहे, इतका हुशार शास्त्रज्ञ असं वागणारच नाही. आणि तुझी स्वतःची शंका अशी: वर्महोल, म्हणजे अवकाशात दूरवर नेणारा जवळचा बोगदा, भविष्यातल्या माणसांनी तयार केलं, पण ती माणसं वाचली त्या वर्महोलमुळेच, मग सुरुवात कुठून झाली? शेवटी तू विचारलंस, “ताई, तुम्ही सेटवर कंटिन्युइटी, म्हणजे सीनचा सीनशी मेळ, सांभाळता, तुम्ही हे कसं तपासाल?”

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळंच उघड होणार आहे.

मी इथे मुंबईत हिंदी-मराठी मालिकांसाठी आणि चित्रपटांसाठी स्क्रिप्ट सुपरवायझरचं काम करते. लोकांना वाटतं आम्ही फक्त ग्लासातलं पाणी, कपाळावरची टिकली आणि दुमडलेली बाही बघतो. ते बघतोच, पण ते सोपं काम आहे, त्याला फोटो पुरतात. अवघड काम निराळं असतं. गोरेगावच्या फिल्मसिटीत हॉस्पिटलचा सेट लागला की त्या दोन दिवसांत गोष्टीतले हॉस्पिटलचे सगळे सीन उरकायचे असतात. सकाळी सीन ९०, दुपारी सीन १२, संध्याकाळी सीन ४७. मेकअप झालेली नटी येऊन विचारते, “या सीनला मला बाबांचं कळलेलं आहे का?” ती विचारते ते बरोबर विचारते. कळलेलं असेल तर ती दारातून वेगळी येईल, खुर्चीवर वेगळी बसेल, आईकडे बघणं टाळेल. इथे चुकीचं उत्तर गेलं तर ती जंप, म्हणजे दोन सीनमधला बेमेळ, एडिटवर कुणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक सीनसमोर दोन रकाने असतात. पहिल्यात गोष्टीतला दिवस: दिवस १, दिवस २ रात्र, तीन महिन्यांनी. दुसऱ्यात प्रत्येक पात्राला त्या घडीला काय माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुमचे चारही वाद या दुसऱ्या रकान्याअभावी झाले आहेत. तुम्ही तारखा मांडल्यात, पण कोणाला काय कधी कळलं ते मांडलं नाहीत. काळवेळेची कथा तपासताना दुसरा रकाना पहिल्यापेक्षा जास्त बोलतो. पात्राचा हेतू तर तिथेच असतो, दुसरीकडे शोधून सापडत नाही.

पण आधी पहिला रकाना भरून घेऊ, कारण तो पक्का नसेल तर दुसऱ्याला टेकू नाही. मुख्य आकडे चित्रपटाने संवादांतच दिलेले आहेत. कूपर निघतो तेव्हा मर्फ दहा वर्षांची, तिचा भाऊ टॉम पंधराचा. शनीजवळचं वर्महोल ४८ वर्षांपूर्वी सापडलेलं. राहण्याजोगे ग्रह शोधणाऱ्या लाझारस मोहिमेचे बारा जण, त्यांत मिलर, मान आणि एडमंड्स, दहा वर्षांपूर्वी त्यातून पलीकडे जायला निघालेले. शनीपर्यंतचा प्रवास दोन वर्षांचा. मिलरचा ग्रह गार्गान्टुआ या ब्लॅक होलजवळ फिरतो, म्हणून तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. आणि तिथून परतल्यावर यानात थांबलेला रॉमिली सांगतो की २३ वर्षं, ४ महिने, ८ दिवस गेले.

सात वर्षांचे तास साधारण ६१ हजार होतात. म्हणजे तिथे एक सेकंद सरला की पृथ्वीवर सतरा तास. हे ऐकून तुमच्यातला कुणी म्हणेल की हे अतीच झालं. तत्त्व मात्र रोजच्या वापरातलं आहे. फोनवरच्या नकाशाला जागा सांगणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती हिशेबात धरावी लागते. चित्रपटात तेच टोकाला नेलं आहे. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने तासाला सात वर्षांचा हट्ट धरला, तेव्हा सल्लागार किप थॉर्न यांना आधी ते अशक्य वाटलं होतं. मग त्यांनी गणित केलं आणि निघालं असं, की ब्लॅक होलची गिरकी कमाल मर्यादेच्या इतकी जवळ हवी की फरक शंभर लाख कोटी भागांतला जेमतेम एक भाग उरावा. तरच ग्रह आत न पडता इतक्या जवळ फिरत राहू शकतो. निसर्गात असं ब्लॅक होल सापडणं जवळजवळ अशक्य, पण नियम मोडत नाही. याच थॉर्न यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वलहरींच्या शोधासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तेव्हा त्या आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही. आपण बघायचं ते आकडा एकदा ठरल्यावर चित्रपट त्याला धरून चालतो का.

चालतो. २३ वर्षं ४ महिन्यांना सातने भागलंस तर सुमारे ३ तास २० मिनिटं येतात. आता सीन आठव. उतरणं, कूपरच्या तुकडीतल्या अॅमेलिया ब्रँडचं मिलरच्या यानाच्या अवशेषांकडे धावणं, डोंगराएवढी लाट, तुकडीतल्याच डॉयलचा मृत्यू, इंजिनात पाणी. केस हा रोबो पाणी निघायला पाऊण ते एक तास लागेल म्हणतो. जमिनीवरचा वेळ तास-दीड तासाच्या आसपास भरतो. उरलेला वेळ उतरण्यात आणि वर येण्यात गेला, कारण काळ मंदावणं पाय टेकल्यावर सुरू होत नाही, गार्गान्टुआच्या जवळ जावं तसं ते वाढत जातं. मी हा सीन पास केला असता.

पुढचा हिशेब त्याहून बारीक आहे आणि तुमच्यापैकी कुणी तो केलेला नाही. लाझारसवाले दहा वर्षं आधी निघाले होते. त्यांनाही वर्महोलपर्यंत दोन वर्षं लागली असं धरू. म्हणजे कूपरची तुकडी पोचली तेव्हा मिलरला तिच्या ग्रहावर उतरून पृथ्वीच्या हिशेबाने साधारण दहा वर्षं झाली. दहाला सातने भागलं तर एक तास पंचवीस मिनिटं. ब्रँडला लाटांमधून परतल्यावर उमगतं की मिलर इथे काही तासांपूर्वीच उतरली असेल आणि कदाचित काही मिनिटांपूर्वीच मेली असेल. गणित तिला दुजोरा देतं. पटकथा लिहिणाऱ्याने हा भागाकार नक्की करून ठेवला होता.

पहिला रकाना इथे चोख आहे, आणि दुसरा रकाना नेमका इथेच फाटतो. तुम्ही ज्याला काळाची चूक म्हणून शोधत होतात ती चूक खरी इथे आहे, आणि ती काळाची नाहीच.

ब्रँडला हे उमगतं कधी? डॉयल मेल्यावर. पण तिच्याकडे काय माहिती होती आणि कधीपासून? तासाला सात वर्षं हे रॉमिलीने उतरण्याआधी सगळ्यांसमोर सांगितलेलं आहे. मिलर किती वर्षांपूर्वी निघाली हे त्यांना पृथ्वीवरच माहीत होतं. तिच्याकडून ‘सगळं ठीक’ एवढाच इशारा पुन्हा पुन्हा येत राहिला हेही माहीत होतं. तिन्ही गोष्टी यानातच एकत्र होत्या. चौघेही शिकलेले, त्यांतले तिघे शास्त्रज्ञ. कागदावर एक भागाकार केला असता तर दिसलं असतं की दहा वर्षांचा वाटणारा हा डेटा प्रत्यक्षात दीड तासाचाही नाही. दीड तासाच्या निरीक्षणावर कुणी ग्रह पसंत करत नाही. शिवाय इतक्या मंदावलेल्या काळातून येणारा रेडिओ सिग्नल पृथ्वीकडच्या यंत्रांना ६१ हजार पटींनी ताणलेला मिळायला हवा. त्याची वारंवारताच ओरडून सांगेल की इथे काहीतरी विचित्र आहे. हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

माझ्या वहीत याला मी माहितीची जंप म्हणते. पात्राला जे माहीत आहे ते लेखकाने सोयीसाठी विसरायला लावलं. मालिकांमध्ये ही रोज होते: सुनेने कपाटातली चिठ्ठी सोमवारच्या भागात वाचलेली असते आणि गुरुवारी ती सासूच्या तोंडून तीच बातमी ऐकून थक्क होते. ‘इंटरस्टेलर’सारख्या काळजीपूर्वक लिहिलेल्या चित्रपटात ही जंप राहावी याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण ती टाळता येण्याजोगी होती. कूपरने म्हणायला हवं होतं, “डेटा दीड तासाचाच आहे, पण हा ग्रह सर्वांत जवळचा आहे आणि इंधन कमी आहे, तरी उतरायचं का?” तेवढ्या एका वाक्याने तो निष्काळजीपणा न राहता जाणून घेतलेली जोखीम झाली असती. मग डॉयलचा मृत्यू आणि ती २३ वर्षं कूपरच्या अंगावर आणखी जड पडली असती.

त्यानंतरचा निरोपांचा सीन दुसऱ्या रकान्याच्या दृष्टीने चित्रपटातला सर्वांत सुंदर आहे. कूपरच्या शरीरासाठी काही तास गेलेत आणि २३ वर्षांची माहिती एका बैठकीत त्याच्यावर कोसळते. टॉम शाळेतला, टॉमला आवडलेली मुलगी, टॉमचं बाळ, मग आजोबा गेले आणि त्यांना आई आणि बाळाशेजारी पुरलं ही बातमी. म्हणजे नातू गेल्याचं कूपरला स्वतंत्रपणे कळतच नाही, आजोबांच्या बातमीत ते ओघाने येतं. इतकं बारीक लिहिलेलं फार कमी वेळा बघायला मिळतं. शेवटी मर्फ येते आणि सांगते की आज माझा वाढदिवस, तू गेलास तेव्हा तुझं जे वय होतं ते आज माझं झालं. १० अधिक २ अधिक २३, म्हणजे ३५. त्यातून कूपरचं निघतानाचं वयही मिळालं, जे चित्रपटाने तोवर सांगितलेलं नव्हतं. हा आकडा जपून ठेव, १२४ च्या वेळी लागेल.

आता ५१ वर्षांचा वाद. डॉ. मानने डॉकिंगचा, म्हणजे यानाला यान जोडण्याचा, घोळ घातल्यावर यान अर्धंमुर्धं उरतं, आणि एडमंड्सच्या ग्रहापर्यंत पोचायला गार्गान्टुआला वळसा घालून वेग घ्यावा लागतो. कूपर स्वतःच सांगतो की यात ५१ वर्षं जातील. त्यानंतर तो सुटून आत पडतो. पृथ्वीच्या पंचांगाप्रमाणे तेव्हा मर्फ पंच्याऐंशीच्या पुढे असायला हवी, आणि पडद्यावर मात्र तरुण मर्फ तिच्या जुन्या खोलीत उभी. तुझा मित्र जे बघून चिडला ते एडिटिंगच्या सवयीमुळे. आपण लहानपणापासून पॅरलल कट बघत आलो. इकडे नायक मोटरसायकलवर, तिकडे नायिकेच्या डोक्यावर अक्षता, आणि आपण समजून चालतो की दोन्ही एकाच वेळी चाललंय. या चित्रपटात मान आणि कूपरची बर्फातली मारामारी आणि मर्फने टॉमचं शेत पेटवणं हा कट खरोखरच जवळपास एकाच काळातला आहे, कारण अॅमेलियाचा बाप आणि नासातला मोहिमेचा प्रमुख प्रोफेसर ब्रँड गेल्याचा मर्फचा निरोप त्यांना मानच्या ग्रहावर नुकताच मिळालेला असतो. पण त्यानंतर मधे ५१ वर्षं पडतात आणि कट तसाच चालू राहतो. व्याकरण तेच, अर्थ बदलला. प्रेक्षकाला कुणी सांगितलं नाही की इथून पुढे ‘त्याच वेळी’ नाही.

म्हणून तिथे पडद्याचा क्रम सोडून द्यायचा आणि खोलीचा क्रम लिहायचा. टेसरॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॅक होलच्या आत त्याला भेटलेल्या त्या रचनेत, कूपरसमोर मर्फच्या खोलीचे सगळे काळ एकाच वेळी मांडलेले आहेत आणि त्याला तिथे फक्त गुरुत्वातून ढकलता येतं. ब्लॅक होलच्या आतली माहिती टार्स या रोबोकडून घेऊन तो ती मोर्सच्या ठिपक्या-रेघांत, मर्फला देऊन गेलेल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर उतरवतो, आणि ते करतो त्या खोलीतल्या जुन्या काळात, तो सोडून गेल्यानंतरच्या. घड्याळ तिथे पडून राहतं. मर्फ मोठी होऊन परत येते तेव्हा काटा अजून तेच ठोके देत असतो. म्हणजे पृथ्वीच्या पंचांगात निरोप लिहिला गेला मर्फ दहाची असताना, वाचला गेला ती पस्तिशीत असताना, आणि लिहिणारा माणूस आत पडला ती पंच्याऐंशी ओलांडल्यावर. या तीन तारखा एकमेकींना कुठेच छेदत नाहीत. एकच गोष्ट मान्य करावी लागते: काटा पाव शतक तेच फडफडत राहिला. चित्रपट ती मागतो, मी ती देते.

त्याच खोलीत आणखी एक गोष्ट आहे, ती दोन ओळींत लिहून बघ. मर्फच्या क्रमाने आधी धुळीच्या पट्ट्यांतून नासाच्या गुप्त तळाचे अक्षांश-रेखांश मिळतात, आणि पुस्तकांच्या फटींमधला ‘थांब’ हा संदेश नंतर उलगडतो. कूपरच्या क्रमाने बरोबर उलट. आत पडल्यावर तो आधी ‘थांब’ असं कळवायला पुस्तकं ढकलतो, कारण त्याला स्वतःलाच जाण्यापासून अडवायचं आहे. मग त्याला कळतं की आपण अडवू शकत नाही, पण मर्फपर्यंत काही पोचवू शकतो, आणि तेव्हा तो स्वतःच्या हाताने ते अक्षांश-रेखांश धुळीत उमटवतो. स्वतःला पुन्हा तिकडेच पाठवतो. हा चित्रपटातला खरा निर्णय, आणि तो दिसतो फक्त दोन्ही क्रम समोरासमोर ठेवल्यावर. पहिल्यांदा कूपर निघाला तेव्हा त्याला काय गमावणार हे माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा त्याने स्वतःला पाठवलं तेव्हा निरोपांची ती बैठक त्याने सोसलेली होती.

१२४ चं बघू. निघताना ३५ असेल तर ८९ वर्षं गेली. आपल्याकडे हिशेबात आहेत शनीपर्यंतची २, मिलरची २३ आणि काही महिने, वळशाची ५१. एकूण ७६ च्या थोडं वर. साडेबारा-तेरा वर्षं उरतात आणि चित्रपट ती कुठेच सांगत नाही. मिलरकडून मानकडे जायला लागलेले महिने धरले तरी भरत नाहीत. मी ती गार्गान्टुआत प्रत्यक्ष पडण्याच्या टप्प्यात टाकते, कारण ५१ चा आकडा वळशापुरता होता आणि कूपर त्यानंतर आणखी आत गेला, जिथे काळ आणखी मंद. पण मग दुसरं टोक सैल होतं: ब्रँड त्या शेवटच्या टप्प्यात त्याच्यासोबत नव्हती, म्हणजे तिच्या घड्याळात ती वर्षं पुरी गेली असतील. शेवटी ती एडमंड्सच्या ग्रहावर नुकतीच उतरल्यासारखी दिसते, वय वाढल्यासारखी नाही. तिने प्रवासात झोप घेतली असं धरलं तर भागतं. तुझ्या मैत्रिणीला सांग, तिची शंका रास्त आहे. बेरीज चुकलेली नाही, अपुरी दिली आहे.

आता माणसं. प्रोफेसर ब्रँडचा रकाना आधी भरायला हवा, कारण मानचा त्याच्यावर उभा आहे. प्रोफेसरला लाझारस निघण्याच्याही आधीपासून माहीत आहे की पृथ्वीवरच्या माणसांना उचलून नेण्याचं समीकरण ब्लॅक होलच्या आतली माहिती मिळाल्याशिवाय सुटणार नाही. त्याला हेही माहीत आहे की दुसरं कुणी येणार नाही. सुरुवातीचा तो भारतीय ड्रोन आठव, दिल्लीचं नियंत्रण केंद्र दहा वर्षांपूर्वी बंद पडल्यावर मालकाविना उडत राहिलेला. तो फक्त गंमत म्हणून नाही, जगात आता कुणाचाच अंतराळ कार्यक्रम उरलेला नाही हे तो सांगतो. लोक आपल्या पोरांसाठी मरतील, पण नव्या ग्रहावर वाढवायच्या अनोळखी गोठवलेल्या भ्रूणांसाठी राबणार नाहीत, असा त्याचा हिशेब. म्हणून त्याने पृथ्वीवरच्यांना वाचवण्याच्या पहिल्या योजनेचं खोटं उभं केलं आणि स्वतःच्या मुलीलाही त्यातच ठेवलं. मला हा माणूस मानपेक्षा भयंकर वाटतो, कारण त्याने दशकानुदशकं समोर बसून मर्फला शिकवलं आणि मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

मान. तुझ्या मित्राचा आक्षेप असा की हुशार माणूस असं वागत नाही. त्याच्या रकान्यात भर: त्याला लाझारसच्या उड्डाणाआधीच माहीत होतं की प्रोफेसरने समीकरण सोडवून पाहिलं आहे आणि पहिली योजना शक्य नाही. चित्रपटात हे तो स्वतः सांगतो. या एका नोंदीने सगळं बदलतं. ‘पृथ्वीवरच्या लोकांना वाचवायला निघालो’ ही समजूत त्याच्याकडे कधीच नव्हती. निघतानाच त्याला माहीत होतं की पुढचं यान आलं तर भ्रूण घेऊन येईल आणि ते फक्त आशादायक ग्रहाकडेच जाईल. उतरल्याच दिवशी त्याला कळलं की इथे काही नाही. म्हणजे आपल्याकडे कुणी येणार नाही.

आता खोट्याची तारीख काढ. कूपर निघायच्या आधीच नासाकडे मानचा चांगला डेटा आलेला होता. लाझारसनंतर दहा वर्षांनी कूपर निघाला, मानला पोचायला दोन लागली, म्हणजे खोटा सिग्नल पहिल्या सात-आठ वर्षांत कधीतरी गेला. कूपर त्याला उठवतो तोवर ते खोटं पंचवीस वर्षांहून जुनं झालेलं असतं. तो अचानक बिथरलेला माणूस नाही. त्याने वर्षानुवर्षं ते बटण दाबायचं टाळलं, मग दाबलं, मग स्वतःच्या किप या रोबोचं तुकड्या-तुकड्यांनी विघटन करून त्यात स्फोट लावला म्हणजे खरा डेटा कुणी काढू नये, आणि मग उठायची तारीखच न ठरवता झोपला. हे सगळं शांतपणे आखलेलं आहे.

मग कूपरला का मारतो? मर्फचा निरोप येतो, कूपर घरी जायचं ठरवतो. कूपर यान घेऊन गेला तर मान पुन्हा त्याच बर्फात, आणि या वेळी ब्रँड आणि रॉमिलीसमोर, जे वसाहत उभारायला लागताच खोटं उघडं पाडतील. त्याला यान हवंच. आणि तो खूनही कसा करतो बघ: एकीकडे ढकलतो, हेल्मेटची काच फोडतो, मग बघवत नाही म्हणून पाठ फिरवतो आणि बोलत राहतो. स्वतःचं जगणं म्हणजेच मानवजातीचं जगणं, असं त्याने इतक्या वर्षांत स्वतःला पटवून दिलेलं आहे, आणि मरता मरता तो डॉकिंगच्या दारातही तेच भाषण करतो. असा माणूस सोयीचा खलनायक नसतो. शिवाय त्याच्याशिवाय हा चित्रपट अर्धा होईल, कारण कूपरही मुळात जगायला आणि घरी जायलाच धडपडतोय. फरक माहितीचा आहे: कूपरला सत्य कळल्यावर तो निर्णय बदलतो, मानला सत्य पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

अॅमेलिया ब्रँडबद्दल दोन वाक्यं पुरेत. मानकडे जायचं की एडमंड्सकडे, या मतदानाच्या वेळी तिच्या मनात प्रेम होतं हे खरं, पण एडमंड्सचा डेटाही जास्त चांगला होता, फक्त त्याचे सिग्नल थांबले होते. कूपरने प्रेमाचा मुद्दा बाहेर काढून तिचा शास्त्रीय मुद्दाही त्यासोबत बुडवला, आणि मला वाटतं त्या क्षणी त्याचा स्वतःचा हेतू, लवकर घरी परतायचा, तिच्याइतकाच रंगलेला होता.

राहिला तुझा प्रश्न, सुरुवात कुठून. थॉर्न यांनी १९८८ मध्ये मॉरिस आणि युर्टसेव्हर यांच्यासोबत वर्महोलमधून कालप्रवासावर लेख लिहिला होता, आणि रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगॉर नोव्हिकोव्ह यांनी मांडलेलं सुसंगतीचं तत्त्व असं आहे की कालप्रवास शक्य असलाच तर घडून गेलेल्याला विसंगत असं काही घडूच शकत नाही. चित्रपट काटेकोरपणे हेच पाळतो. कूपरच्या ‘थांब’ने काही बदलत नाही. वर्महोलमधून जाताना ब्रँडने ज्याला हात लावला तो हात कूपरचाच होता, आणि कूपर परतताना तो हात लावतो. दोन्ही बाजूंनी घटना एकच. अशा साखळीला सुरुवातीची कडी नसते, आणि तर्कात ती असायलाच हवी असा नियम नाही. खटकतं हे मला मान्य. पण तपासायचं असेल तर ‘आधी कोण’ हे विचारू नकोस, ‘कुठलाही दुवा दुसऱ्याला खोटं पाडतो का’ हे विचार. इथे पाडत नाही. ‘ते’ म्हणजे भविष्यातली माणसं हा मात्र कूपरचा अंदाज आहे, चित्रपटात त्याचा पुरावा कुठेच नाही. तो त्याच्या रकान्यात ‘समजूत’ म्हणून लिही, ‘माहिती’ म्हणून नको.

टॉमचा रकाना मी मोकळा ठेवला आहे. वडील आणि बहीण यांच्यापैकी कुणीही त्याला कधी पूर्ण खरं सांगत नाही, त्याचं मूल त्याच धुळीत गेलेलं आहे, आणि तरी तो शेत सोडत नाही. त्याला कुठल्या सीनला काय माहीत होतं ते तुम्ही सगळे मिळून भरा आणि मला पाठवा. मला वाटतं मर्फने शेत पेटवलं तो सीन त्यानंतर तुम्हाला वेगळा दिसेल.